सरकारने वाचवलं, म्हणजे नेमकं कुणाला? सोलापूरच्या जुन्या मिलचा धडा

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गावाचा आहे.)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग २७ तारखेपासून आणखी २५ टक्के, असं मिळून ५० टक्के जादा आयातशुल्क लावलं, तेव्हा आपल्या एमआयडीसीत एकच वाक्य ऐकू येत होतं. ‘सरकारने काहीतरी केलं पाहिजे.’ टॉवेल निर्यात करणारे म्हणत होते, सूत विकणारे म्हणत होते, टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बायकाही म्हणत होत्या. सरकारने काही केलंही. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. नोव्हेंबरमध्ये निर्यातदारांच्या कर्जांसाठी २० हजार कोटींपर्यंतच्या हमीची योजना मंजूर केली.

मी गेली वीस-बावीस वर्षं लहान कारखानदारांचे हिशेब लिहितो. त्यामुळे अशी योजना आली की पहिला फोन मला येतो. ‘यात आपलं बसतं का बघा.’ हा प्रश्न बरोबरच आहे, ज्याचं पोट त्यावर आहे तो हेच विचारणार. पण गाव म्हणून आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो आपण कधीच विचारत नाही. सरकार जेव्हा धंदा वाचवतं, तेव्हा नेमकं कुणाला वाचवतं? आणि त्याचे पैसे कोण भरतं?

स्वतंत्र भारतात हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो दिल्लीत नाही, मुंबईतही नाही. तो आपल्या सोलापुरात उठला आणि इथून सुप्रीम कोर्टात गेला. कायद्याच्या पुस्तकांत आजही सोलापूरच्या मिलचं नाव आहे. वकिलीची पोरं पाठ करतात. आपल्याच गावातल्या बहुतेकांना मात्र ठाऊक नाही. म्हणून ही पोस्ट.

मिलला कुलूप

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल. मोरारजी गोकुळदासांनी १८७४ मध्ये कंपनी काढली, १८७७ पासून मिल चालू झाली. नंतर लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा मिल आल्या, म्हणून ही ‘जुनी’. ती देशातल्या मोठ्या कापड गिरण्यांपैकी एक होती. गावाचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. किराणा दुकानदाराची उधारी, खानावळीचा महिना, भिशीचा हप्ता, सगळं मिलच्या पगाराला बांधलेलं. माझे आजोबा तिथे विणाई खात्यात होते. आमच्या घरात ‘मिल बंद पडली’ हे वाक्य ‘दुष्काळ पडला’ या चालीवर म्हटलं जायचं.

१९४९ सालचा काळ आठवा. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. युद्धात कापडाला वाटेल तो भाव मिळाला, मिल दिवसरात्र चालल्या, मशिन झिजले. ते बदलायचे मात्र राहून गेले. त्यात फाळणी झाली आणि चांगल्या लांब धाग्याचा कापूस पिकवणारा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला. गिरण्या इकडे, कापूस तिकडे. कापडावरचं नियंत्रण १९४८ च्या सुरुवातीला उठलं, भाव भडकले, म्हणून त्याच वर्षी पुन्हा लागलं. यात कसलेले मालकही चाचपडत होते.

२७ जुलै १९४९ ला जुन्या मिलच्या संचालकांनी नोटीस लावली आणि बरोबर महिन्याने, २७ ऑगस्टला, मिलला कुलूप लागलं. हजारो माणसं रस्त्यावर आली. आधी सरकारने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली एक कंट्रोलर नेमून पाहिला. त्याने भागलं नाही. शेवटी ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारने एक वटहुकूम काढला. भारताची राज्यघटना लागू व्हायला सतरा दिवस बाकी होते.

हा वटहुकूम कापड धंद्यासाठी नव्हता. मुंबई इलाख्यातल्या मिलसाठी नव्हता. तो एका कंपनीसाठी होता. तिचं नाव वटहुकुमाच्या शीर्षकातच होतं. एप्रिल १९५० मध्ये संसदेने त्याचा कायदा केला, तोही त्याच नावाने. कायद्याने कारण दिलं ते थोडक्यात असं: गैरकारभार आणि हेळसांड यामुळे एका जीवनावश्यक वस्तूचं उत्पादन अडलं आहे आणि त्यामुळे गंभीर बेकारी निर्माण झाली आहे.

बेकारीचा शब्द कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सरकारने केलं काय?

आज ‘मदत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्ज किंवा सबसिडी येते. १९५० मध्ये सरकारने पैसे देण्याआधी कारभार ताब्यात घेतला. जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटचा करार रद्द झाला, सरकारने नेमलेले संचालक बसले. भागधारकांना नवे संचालक निवडायचा हक्क उरला नाही. सभेत ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय त्याला किंमत नाही. कंपनी गुंडाळायचा अर्जही केंद्र सरकारशिवाय कुणी करायचा नाही.

मग या नव्या संचालकांनी काय केलं बघा. कंपनीचे ३२ हजार प्रेफरन्स शेअर होते, प्रत्येकी शंभर रुपयांचे. त्यावर फक्त पन्नास-पन्नास रुपये भरलेले होते. नव्या संचालकांनी भागधारकांना कळवलं, उरलेले पन्नास भरा. हिशेब केला तर १६ लाख रुपये होतात. त्या वेळी कंपनीचं सगळं भरणा झालेलं भांडवल ३२ लाखांचं होतं. म्हणजे निम्म्याने आणखी.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मिल वाचवायची, तर पहिला पैसा कुणी घालायचा? १९५० मध्ये उत्तर होतं, ज्याची मिल आहे त्याने. शेअर घेताना जो पैसा द्यायचं कबूल केलं, तो आधी आणा.

कोर्टाची पायरी

साहजिकच भागधारक चिडले. एका भागधारकाने थेट सुप्रीम कोर्ट गाठलं. कोर्ट त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं, घटना नवी कोरी. त्याचा मुद्दा सरळ होता. देशात डबघाईला आलेल्या कंपन्या कितीतरी, मग एकट्या आमच्यासाठी कायदा का? घटनेने कायद्यापुढे सगळे समान म्हटलं आहे, ते कुठे गेलं?

४ डिसेंबर १९५० ला निकाल लागला. पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश कनिया, फझल अली आणि मुखर्जी म्हणाले की परिस्थिती खरोखरच वेगळी असेल तर एक कंपनीसुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकते, आणि दुसरी कुठली कंपनी याच अवस्थेत होती हे अर्जदाराने दाखवलेलं नाही. पतंजली शास्त्री आणि एस. आर. दास यांना ते पटलं नाही. एकाला वेचून काढणारा कायदा समानतेत बसत नाही, असं त्यांचं मत. पण बहुमताने सरकार जिंकलं.

दुसरा भागधारक वेगळ्या वाटेने गेला. द्वारकादास श्रीनिवास यांना त्या पन्नास रुपयांच्या मागणीची नोटीस आली होती. त्यांचं म्हणणं, कंपनी आमची, कारभार तुमचा, आणि पैसे पुन्हा आमच्याकडून? ही मालमत्ता काढून घेणंच झालं, आणि भरपाई तर दिलेली नाही. डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. भागधारकांच्या हातात नुसतं टरफल ठेवलं आणि गर काढून घेतला, असा त्या निकालाचा मथितार्थ. या बाजूने सरकार हरलं.

मग सरकारने घटनाच बदलली. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने तरतूद केली की सार्वजनिक हितासाठी किंवा नीट कारभारासाठी ठरावीक मुदतीपुरतं एखाद्या मालमत्तेचं व्यवस्थापन सरकारने घेतलं, तर भरपाई दिली नाही किंवा मूलभूत हक्क डावलला म्हणून तो कायदा रद्द होणार नाही. या दुरुस्तीमागे आणखीही खटले होते, जमिनीचे, पुनर्वसनाचे. पण व्यवस्थापनाच्या या कलमावर आपल्या जुन्या मिलची सावली स्पष्ट आहे.

एका मिलच्या कुलपापासून घटनादुरुस्तीपर्यंत. आणि खुद्द मिल? ती पुढे रडतखडत चालली, पुन्हा बंद पडली आणि शेवटी कायमची गेली. कोर्टात कोण जिंकलं हे सांगता येतं. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या निकालांतून काय मिळालं, हे सांगणं अवघड आहे.

पैसे कोण भरणार? उत्तर बदलत गेलं

इथून पुढे माझं निरीक्षण. जुन्या मिलच्या खटल्यातून सरकार एक गोष्ट शिकलं, मालकाच्या खिशात हात घातला की तो कोर्टात जातो. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत धंदे वाचवायचे मार्ग बरेच निघाले, पण पहिला पैसा मालकाने घालायचा ही अट हळूहळू मागे पडत गेली.

पहिलं वळण १९५८. मुंबई राज्याने ‘बॉम्बे रिलीफ अंडरटेकिंग्ज’ कायदा केला. पुढे तो महाराष्ट्राने चालू ठेवला. उद्देश बेकारी टाळणं हाच. सरकारने कर्ज दिलेला, हमी घेतलेला किंवा स्वतः चालवायला घेतलेला कारखाना ‘रिलीफ अंडरटेकिंग’ म्हणून जाहीर करायचा. तसं जाहीर झालं की त्याची जुनी देणी, करार, कोर्टातले दावे, सगळं थांबवता येतं. एका वेळी बारा महिने, आणि मग मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ.

वाचायला छान वाटतं. गळ्याभोवतीचा फास सैल झाला. पण जुनी देणी म्हणजे कुणाची देणी? मिलला रंग देणाऱ्याची, कोळसा देणाऱ्याची, सुटे भाग देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्याची. काही कामगार कायदेही त्या यादीत होते, म्हणजे कामगाराचे हक्कसुद्धा गोठवता यायचे. मिल वाचवण्याचा खर्च ना मालकाने केला ना सरकारी तिजोरीने. तो शेजारच्या लहान माणसाने केला, आणि त्याला कुणी विचारलं नाही. एकाला तरंगत ठेवायला दुसऱ्याच्या खांद्यावर उभं केलं.

हाच विचार १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्याने देशभर नेला. प्रकरण बीआयएफआरपुढे गेलं की वसुली थांबायची. पुष्कळ कारखाने तिथे वर्षानुवर्षं पडून राहिले. कारखाना आजारी, मालक ठणठणीत, हे वाक्य त्या काळात उगाच प्रचलित झालं नाही.

दुसरं वळण १९७४. केंद्राने एका कायद्याने १०३ आजारी कापड गिरण्या राष्ट्रीयीकृत करून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे दिल्या. आपल्या जिल्ह्यातली बार्शीची मिल त्यात होती. राज्याचं महामंडळ १९६६ पासूनच काम करत होतं, नरसिंगगिरजी मिल त्याच्याकडे चालली. इथे बिल करदात्याच्या नावावर फाडलं गेलं. हे मला १९५८ पेक्षा प्रामाणिक वाटतं. निदान लपवाछपवी नव्हती, कामगाराच्या हातात पगार पडत होता. पण मशिन बदलायला लागणारा पैसा वेळेवर आला नाही, आणि तोवर स्वस्त कापडाचा बाजार इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांनी घेतला होता. आजारी गिरण्या वाचवायला काढलेलं एनटीसी स्वतःच आजारी म्हणून बीआयएफआरपुढे उभं राहिलं.

सरकारने या गिरण्यांसाठी वेळ विकत घेतला. त्या वेळात काय करायचं ते ठरवलं नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. कुठलीही सरकारी मदत म्हणजे शेवटी वेळ विकत घेणं असतं. वादळ जाईपर्यंत छप्पर धरून ठेवायचं. पण छप्पर वादळाने हललं आहे की वासा कुजला आहे, हे आधी बघावं लागतं. कुजलेला वासा दहा वर्षं धरून उभं राहिलं तरी कुजलेलाच राहतो.

२०२०

आता आपल्या डोळ्यांदेखतचं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. हे निखळ वादळ होतं, यात कुणाच्या गैरकारभाराचा प्रश्न नव्हता. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. नवीन दिवाळखोरीचे अर्ज वर्षभर थांबवले गेले. आणि १३ मे २०२० ला ती मोठी योजना जाहीर झाली, जिला आपल्याकडे सगळे ‘कोविड लोन’ म्हणतात.

योजना अशी होती. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्यावर बँकेचं जेवढं कर्ज आहे, त्याच्या २० टक्के आणखी कर्ज, नवीन तारण न देता. चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष मुद्दल नाही. बँकांसाठी व्याज ९.२५ टक्क्यांच्या आत. बुडालं तर शंभर टक्के हमी सरकारची. सुरुवातीला ३ लाख कोटींची मर्यादा, ती वाढत ५ लाख कोटींपर्यंत गेली, आणि योजना मार्च २०२३ पर्यंत चालली.

खरं ते खरं म्हणायचं. या योजनेने पुष्कळ धंदे वाचले. माझ्याकडचेच काही अशिल त्या पैशाशिवाय सूत उचलू शकले नसते. बँका एरवी तारणाशिवाय बोलत नाहीत, त्या स्वतः फोन करून ‘घ्या’ म्हणत होत्या. सरकारने तिजोरीतून लगेच रोकड न काढता बाजारात पैसा फिरवला. वादळासाठी हे हत्यार चांगलं आहे, यात वाद नाही.

पण पुन्हा तोच प्रश्न. कुणाला वाचवलं?

पहिलं म्हणजे, ज्याचं आधी बँकेत कर्ज होतं त्यालाच हे मिळालं. पूर्व भागात घरातच चार-सहा माग टाकून बसलेला माणूस बघा. त्याचं भांडवल म्हणजे सूत व्यापाऱ्याची उधारी, बायकोचं मंगळसूत्र आणि सोसायटीचं किडूकमिडूक. २९ फेब्रुवारीला बँकेच्या वहीत तो नव्हताच, मग शून्याचे २० टक्के किती? ज्याने कधी कर्ज काढलं नाही, त्याचा काटकसरीपणाच त्याला नडला.

दुसरं, हमी कारखानदाराला नव्हती, बँकेला होती. कर्ज बुडालं तर बँकेचे पैसे सरकार भरणार, कारखानदाराच्या मागची वसुली सुटत नाही. ‘सरकारने दिलेत’ असं समजून पैसे घेतलेल्या काहीजणांना वर्षभराने हप्ता सुरू झाल्यावर हे कळलं. हप्त्याच्या स्थगितीचंही तेच, हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. त्या व्याजावरच्या व्याजाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मार्च २०२१ मध्ये कोर्टाने त्या काळाचं चक्रवाढ व्याज कुणालाच लावू नका असं सांगितलं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. १९५० च्या कायद्याच्या प्रस्तावनेत बेकारी हा शब्द होता. २०२० च्या कर्जहमीत कामगार ठेवलाच पाहिजे अशी अट कुठेच नव्हती. कर्ज घ्या, माणसं काढा, नियमाला काही हरकत नाही. अमेरिकेने त्याच वेळी लहान धंद्यांना जी कर्जं दिली, त्यांत अट होती की बहुतेक पैसा पगारावर खर्च केला तर कर्ज माफ. तिथेही गरज नसलेल्यांनी हात धुऊन घेतले अशी टीका झाली, पण निदान मदतीचा धागा पगाराला बांधलेला होता. जर्मनीत तर जुनी पद्धतच आहे, काम कमी झालं तर माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा. आपल्याकडे लहान आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा सरकारने काही महिने भरला, ते चांगलं झालं. पण ज्याचा पीएफच कापला जात नाही त्याला त्याचा काय उपयोग? आणि यंत्रमागावर, शिलाईवर, विड्या वळण्यात अशी माणसं किती आहेत, ते सोलापूरकराला सांगायला नको.

आणि बार्शीची मिल? मार्च २०२० मध्ये एनटीसीच्या २३ गिरण्या लॉकडाऊनसाठी बंद झाल्या, त्यात तीही होती. लॉकडाऊन उठला तरी या गिरण्या पुन्हा रुळावर आल्या नाहीत. ज्या सरकारने देशभरच्या धंद्यांसाठी लाखो कोटींची हमी घेतली, त्याच सरकारच्या मालकीच्या मिलचे कामगार गेटवर ‘मिल चालू करा’ म्हणत बसले. १९७४ मध्ये वाचवलेली मिल अशा रीतीने थांबली.

मग मदत नको का?

काहीजण लगेच म्हणतील की बघा, सरकारने धंद्यात पडूच नये. हा निष्कर्ष मला मान्य नाही. १९४९ मध्ये जुन्या मिलच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ‘बाजार आपोआप ठरवेल’ हे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पुढच्या वर्षीच्या पिकाची गोष्ट सांगणं. धक्का जेव्हा बाहेरून येतो, फाळणीचा असो, महामारीचा असो की परदेशी शुल्काचा, तेव्हा तो एकेकट्याने झेलायचा नसतो. सरकार त्यासाठीच असतं.

पण मदत मागताना आणि मिळताना आपण गाव म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात.

एक. पहिला पैसा कुणाचा? मालकाने स्वतःचं काही घातलं आहे का, की थेट शेजाऱ्याच्या उधारीवर आणि करदात्याच्या हमीवर चाललं आहे? १९५० ची पद्धत कोर्टात हरली, कारण भरपाई न देता कारभारच काढून घेतला होता. पण ‘आधी तुमचा वाटा आणा’ हे तत्त्व चुकीचं नव्हतं.

दोन. विकत घेतलेल्या वेळात काय होणार? नवीन माग, नवीन बाजार, नवीन डिझाइन, की नुसती मुदतवाढ? जुन्या मिलचे मशिन युद्धात झिजले आणि बदलले गेले नाहीत. आज आपल्याकडे किती माग जुने आहेत आणि किती आधुनिक, ते तुम्ही मोजून बघा.

तीन. कामगार कुठे आहे? योजनेच्या कागदात त्याचा उल्लेख आहे का, की तो फक्त भाषणात आहे? मदत घेणाऱ्याने किती माणसं ठेवली, हे त्या वर्षाच्या शेवटी कुणी मोजणार आहे का?

हे प्रश्न कारखानदारांच्या विरोधात नाहीत. मी त्यांच्याच जिवावर जगतो, त्यांची रात्रीची झोप कशी उडते ते मी बघितलं आहे. उलट जो प्रामाणिक आहे, त्याच्या फायद्याचे हे प्रश्न आहेत. कारण बिनशर्त मदतीत सगळ्यांत आधी हात मारतो तो लबाड, आणि प्रामाणिक माणूस कागद जुळवत रांगेत उभा राहतो.

सत्तर वर्षांपूर्वी आपल्या गावच्या एका मिलसाठी संसदेने कायदा केला, सुप्रीम कोर्ट दोनदा बसलं, घटना बदलली. तेवढं करूनही मिल राहिली नाही, कारण खटला मालकी कुणाची यावर चालला. मिल उद्या कशी चालेल यावर कुणी बसलंच नाही. पुढचं पॅकेज जाहीर होईल, आणि ते होणारच, तेव्हा ‘आपलं बसतं का’ हे जरूर बघा. पण आपल्याबरोबर कोण बसतंय आणि कोण बाहेर उभं आहे, तेही बघा.

ज्यांच्या घरात कुणी जुन्या मिलमध्ये, नरसिंगगिरजीत किंवा बार्शीच्या मिलमध्ये कामाला होतं, त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. बिल्ला, हजेरीचं कार्ड, पगाराची पावती असं काही पेटीत असेल तर जपून ठेवा आणि फोटो टाका. निकालपत्रं ग्रंथालयात सापडतात, पगाराच्या पावत्या फक्त आपल्या घरातच सापडतील.